२४ तासांची लघवी आणि बेन्स जोन्स प्रोटीन: मायलोमाच्या तपासणीला पहिल्यांदा जाताय त्यांच्यासाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे बरेच पेशंट मुंबईला टाटाला नाहीतर नाशिकला दाखवून येतात, फाइलमध्ये एक चिठ्ठी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं '२४ तास युरीन प्रोटीन, युरीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन', आणि घरी आल्यावर लक्षात येतं की हे नेमकं करायचं कसं ते विचारायचं राहूनच गेलं. मी इकडेच लॅबमध्ये काम करतो, काउंटरवर रोज हेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका जागी लिहितोय. पेशंटच्या मुलाने, सुनेने, जो कोणी फाइल घेऊन पळापळ करतोय त्याने हे एकदा शांतपणे वाचा, कारण या टेस्टचा अर्धा रिझल्ट तुमच्या घरी ठरतो, मशीनवर नाही.

आधी कळू द्या की शोधतोय काय

आपल्या बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडातल्या मगजात, प्लाझ्मा सेल नावाच्या पेशी असतात, त्यांचं काम अँटिबॉडी बनवणं. एका अँटिबॉडीत दोन जड साखळ्या असतात आणि दोन हलक्या, हलक्यांना लाइट चेन म्हणतात आणि त्या दोनच प्रकारच्या, कप्पा आणि लॅम्डा. मायलोमा हा या प्लाझ्मा सेलचा कॅन्सर, त्यात एकाच जातीच्या प्लाझ्मा सेल बेसुमार वाढतात आणि सगळ्या मिळून एकच प्रोटीन ओतत बसतात, त्याला एम प्रोटीन म्हणतात. पुष्कळदा सुट्या लाइट चेन जास्तीच्या बनतात. पूर्ण अँटिबॉडी आकाराने मोठी असल्यामुळे चांगल्या किडनीतून सहसा खाली उतरत नाही, पण लाइट चेन बारीक, ती गाळून लघवीत येते. लघवीतल्या या एकाच जातीच्या लाइट चेनला बेन्स जोन्स प्रोटीन म्हणतात. १८४५ साली लंडनच्या डॉक्टरांनी एका पेशंटची लघवी हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासायला पाठवली होती, त्या लघवीतलं प्रोटीन तापवलं की आधी साकळायचं, उकळी आली की विरघळायचं आणि थंड झालं की परत दिसायचं. ती तापवायची टेस्ट आता भरवशाची धरत नाहीत पण नाव तेच राहिलंय. हे म्हणजे नेमकं लाइट चेनच आहे हे कळायला १९६२ साल उजाडलं.

एक गोष्ट इथेच सांगतो म्हणजे उगाच घाबरणार नाही. लघवीत प्रोटीन जातंय म्हटल्यावर त्यामागे बहुतेक वेळा शुगर नाहीतर बीपी असतं, मायलोमा नाही. आणि रक्तात छोटा एम बँड, म्हणजे एम प्रोटीनचा पट्टा, सापडला, बाकी काहीच त्रास नाही, तर त्याला एमजीयूएस म्हणतात, तो कॅन्सर नव्हे, वर्षाला साधारण १०० पैकी एकाचं पुढे मायलोमात किंवा तसल्याच आजारात रूपांतर होतं, म्हणून फक्त नजर ठेवायची.

पट्टीवर 'निल' आलं म्हणजे सुटलो असं नाही

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा लांबण लावतो. साध्या लघवी तपासणीत आम्ही जी पट्टी बुडवतो तिच्यावर एक पिवळा चौकोन असतो, प्रोटीन असलं की तो हिरवट होत जातो. पण हा रंग बदलतो तो मुख्यतः अल्ब्युमिनमुळे. लाइट चेनला ती पट्टी जवळपास दाद देत नाही. म्हणजे एखाद्याच्या लघवीतून दिवसाला दोन ग्रॅम लाइट चेन जात असेल तरी पट्टी पिवळीच राहू शकते आणि रिपोर्टवर छापून येतं 'प्रोटीन: निल' नाहीतर 'ट्रेस'. शुगरवाल्यांची मायक्रोअल्ब्युमिन टेस्ट असते ना, तीही अल्ब्युमिनच मोजते, तिच्यातूनही हे निसटतं.

आमच्याकडे हे डोळ्यांनी दिसतं. पट्टी बुडवली, चौकोन पिवळाच, मग त्याच लघवीत सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब टाकले की टेस्टट्यूबमध्ये बघता बघता पातळ ताकासारखं गढूळ होतं. हे ॲसिड कुठलंही प्रोटीन साकळवतं, अल्ब्युमिन असो की लाइट चेन. पट्टी साफ आणि ॲसिडने गढूळ, असं जोडीने दिसलं की लाइट चेनचा संशय घ्यायचा. नुसत्या गढूळपणावर निदान होत नाही, सीटी स्कॅनचं डाय किंवा पेनिसिलिनच्या जातीची औषधं चालू असतील तरीही गढूळ होतं, पण पुढची टेस्ट करायला एवढं पुरेसं आहे.

म्हणून ज्यांची कंबर-पाठ कित्येक महिने दुखतेय, हिमोग्लोबिन कमी आहे आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) वाढलंय, कॅल्शियम वाढलंय, साध्या धक्क्याने हाड मोडलंय, अशांनी 'लघवी नॉर्मल आली होती' यावर थांबू नये. आपल्याकडे केळीच्या बागेत घड वाहणारा, कापूस वेचणारी बाई, सगळ्यांचीच कंबर दुखते, त्यामुळे दुखणं कामावर ढकललं जातं आणि मेडिकलमधून गोळ्या खाणं सुरू होतं. त्या गोळ्यांवर खाली परत येतो.

कॅन घ्यायला आलात की हे विचारा

चिठ्ठी जशीच्या तशी दाखवा. तोंडी 'लघवीची टेस्ट' सांगितलं की साधी तपासणी होऊन जाते आणि पैसेही जातात. टेस्ट तीन आहेत: २४ तासांचं एकूण प्रोटीन, युरीन प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, आणि युरीन इम्युनोफिक्सेशन. पहिली किती ते सांगते, दुसरी त्यातलं एम प्रोटीन वेगळं काढते, तिसरी ते कुठल्या जातीचं ते ओळखते. सोबत २४ तासांचं क्रिएटिनिन पण लावून घ्या, का ते पुढे सांगतो.

कॅन कोणता देताय ते विचारा. २४ तासांच्या काही दुसऱ्या टेस्टसाठी कॅनमध्ये आधीच ॲसिड घातलेलं असतं, तो कॅन या टेस्टला चालत नाही. बहुतेक लॅब यासाठी काहीच न घातलेला स्वच्छ कॅन देतात. कोल्ड्रिंकची बाटली, तेलाचा डबा, पावडरने धुतलेला कॅन, यातलं काही वापरू नका. आणि पेशंटला डॉक्टरने भरपूर पाणी प्यायला सांगितलं असेल, मायलोमात बहुतेक सांगतातच, तर एक कॅन पुरत नाही, दोन मागा. ऐन रात्री कॅन भरला की लोक उरलेली लघवी संडासात करतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

सॅम्पल पुढे कुठे जातं, कोणत्या वारी जातं तेही विचारा. इलेक्ट्रोफोरेसिस आपल्याकडच्या लहान लॅबमध्ये सहसा होत नाही, सॅम्पल मुंबई-पुण्याला जातं. शनिवारी सुरू करून रविवारी कॅन घेऊन आलात आणि शटर बंद, असं नको. आखाजीच्या दिवशी, घरात हळद असताना, शेतात केळी कापणी चालू असताना हे करूच नका. दिवसभर घरी थांबता येईल असा दिवस निवडा. बाईची पाळी चालू असेल, ताप असेल, लघवीला जळजळ असेल तर डॉक्टरला विचारून पुढे ढकला.

जेवणाचं पथ्य काही नाही. डाळ खाल्ली की लघवीत प्रोटीन वाढेल म्हणून लोक दोन दिवस आधीपासून डाळ सोडतात, त्याची गरज नाही, लाइट चेन बोन मॅरोमधून येते, ताटातून येत नाही. भरीत-भाकरी खा, शेवभाजी खा, रोजचं खा. पाणीही रोजच्याइतकंच. चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त कोणती चालू आहेत ते फॉर्मवर लिहा.

आता प्रत्यक्ष जमा करायचं

समजा सकाळी ७ ला सुरू करताय. ७ वाजता पेशंटने संडासात जाऊन लघवी करून टाकायची, ती कॅनमध्ये घ्यायची नाही. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. ती लघवी रात्रीची साठलेली असते, आपल्या २४ तासांत ती धरत नाहीत. मूत्राशय रिकामं झालं, घड्याळ सुरू, कॅनवर लिहा 'सुरू सकाळी ७, तारीख अमुक'. तिथून पुढची प्रत्येक लघवी, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, दुपारची, रात्रीची, थेंबभर झाली तरी, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला परत लघवीला जायचं, लागली नसेल तरी प्रयत्न करायचा, आणि ही शेवटची मात्र कॅनमध्ये घ्यायची. मग लिहा 'बंद सकाळी ७'.

एक आजी समोर बसून सगळं ऐकतात आणि उठता उठता विचारतात, "भो, रातनी बी लागी का?" हो आजी, रात्रीची पण लागते. रात्री उठून अंधारात सवयीने बाथरूममध्ये जाणं होतं, म्हणून लघवीचा प्लास्टिकचा मग खाटेजवळच ठेवा, किंवा बाथरूमच्या दाराला फडकं बांधून ठेवा म्हणजे हात लागला की आठवतं.

सरळ कॅनमध्ये करायला जाऊ नका, विशेषतः बायकांनी. रुंद तोंडाचा स्वच्छ कोरडा मग घ्या, त्यात करा, मग कॅनमध्ये ओता. संडासला बसायच्या आधी लघवी मगमध्ये करून घ्या, कारण दोन्ही एकदम झालं की लघवी हातातून जाते, आणि संडासचा अंश कॅनमध्ये गेला तरी सॅम्पल खराब. तो मग दर वेळी साध्या पाण्याने विसळून निथळत ठेवा. पुरुष माणूस शेतात चक्कर मारायला गेला की बांधावर मोकळा होतो, त्यामुळे त्या दिवशी शेतात जायचंच नाही हे घरच्यांनी बजावून सांगा. कॅथेटर लावलेला असेल तर सुरुवातीला पिशवी रिकामी करून ती लघवी टाकून द्या, मग पिशवीत येईल ते वेळोवेळी कॅनमध्ये घ्या.

एखादी लघवी चुकून गेली तर? खरं सांगा. कॅन ओतून द्या, नवीन कॅन घ्या, दुसऱ्या दिवशी परत सुरू करा. कोणी कोणी माप भरावं म्हणून पाणी घालतात, कृपा करून असं करू नका, त्या आकड्यावर किमो चालली की नाही हे ठरणार असतं.

थंड ठेवणं

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात त्याहून वाईट, आणि तशा उन्हात कॅन बाहेर राहिला की जंतू वाढतात, प्रोटीन बिघडतं. फ्रिजमध्ये ठेवणं उत्तम. घरात बाया तयार होत नाहीत, फ्रिजमध्ये दूध असतं, देवाचा नैवेद्य असतो, मी समजू शकतो. मग थर्माकोलचा डबा घ्या, तळाला आणि बाजूंनी बर्फ घालून मध्ये कॅन ठेवा, झाकण लावा, बर्फ वितळला की बदला. बर्फ कॅनच्या बाहेर, आत नाही. सगळ्यात खालच्या खोलीत, सावलीत ठेवा. लाइट जाणार असेल तर आधीच बर्फ आणून ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र नको.

आणताना पूर्ण कॅन आणा, दोन असतील तर दोन्ही. लहान डबीत थोडीशी काढून आणतात आणि बाकीची ओतून देतात, मग आम्हाला एकूण किती मिली झाली ते कळतच नाही. आणि लघवी ठेवली की गाळ खाली बसतो, तो न हलवता वरचं काढलं तर आकडा चुकतो, त्यामुळे सगळं एकत्र करून, ढवळून, मोजून मगच सॅम्पल काढतात. हे काम लॅबलाच करू द्या. यावल-रावेरहून एसटीने येणार असाल तर झाकणाला चिकटपट्टी, वरून दोन पिशव्या, आणि कॅन पायाशी उभा. पेशंटची उंची-वजनही फॉर्मवर लिहा.

रिपोर्ट हातात आला की

आधी एकूण प्रोटीन बघा, आणि ते मिलिग्रॅम प्रति २४ तास या मापात बघा. १५० च्या आत सहसा नॉर्मल. रिपोर्टवर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असाही एक आकडा असतो, त्यावर जाऊ नका, तो पाण्यावर हलतो. समजा लघवी झाली १८०० मिली आणि प्रोटीन ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. १८०० मिली म्हणजे १८ डेसिलिटर, १८ गुणिले ८० म्हणजे दिवसाचे १४४० मिलिग्रॅम. पुढच्या वेळी पेशंटने जास्त पाणी प्यायलं, लघवी झाली ३००० मिली, प्रोटीन आलं ४८. घरच्यांना वाटतं ८० चं ४८ झालं, औषध लागू पडलं. पण ३० गुणिले ४८ करा, तेच १४४० येतात. काहीच कमी झालेलं नाही. म्हणून तर २४ तासांचा खटाटोप.

मग इलेक्ट्रोफोरेसिस. त्यात एम बँड किती टक्के ते दिलेलं असतं. १४४० पैकी ६० टक्के एम बँड असेल तर ८६४ मिलिग्रॅम एम प्रोटीन, बाकी अल्ब्युमिन वगैरे. डॉक्टर फॉलोअपला धरतात तो आकडा हा ८६४ वाला. तो २०० किंवा जास्त असेल तर आजार लघवीवरून मोजता येतो असं मानतात. ट्रीटमेंटनंतर तो ९० टक्क्यांनी उतरला किंवा २०० च्या खाली आला तर लघवीच्या बाजूने चांगला प्रतिसाद धरतात, १०० च्या खाली आणखी चांगला. शेवटचा निर्णय रक्ताचे आकडे सोबत बघूनच होतो.

इम्युनोफिक्सेशनच्या रिपोर्टवर पाच नावं दिसतील, जी, ए, एम, कप्पा, लॅम्डा. फक्त कप्पात किंवा फक्त लॅम्डात रेघ, आणि जी-ए-एम कशातच नाही, तर साधारण ते बेन्स जोन्स. इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात एम बँडचं टेकाड दिसलं नाही तरी इम्युनोफिक्सेशनमध्ये बारीक रेघ निघू शकते, ती जास्त बारकाईने बघते, म्हणून आजार पूर्ण आटोक्यात आला म्हणायला रक्त आणि लघवी दोन्हीकडे ती निगेटिव्ह लागते.

अल्ब्युमिन आणि लाइट चेनचं प्रमाणही खूप काही सांगतं. एकूण प्रोटीन भरपूर आणि बहुतेक लाइट चेनच, तर लाइट चेन किडनीच्या नळ्यांत साकळून अडकण्याची भीती असते. उलट बहुतेक अल्ब्युमिन, लघवीला फेस, पायावर सूज, आणि रेघ अगदी बारीक, तर डॉक्टर अमायलॉइडचा (लाइट चेन अवयवांत साठून बसतात तो आजार) विचार करतात, त्यात किडनीची गाळणच बिघडलेली असते. अमायलॉइडचा संशय असेल तर लघवीचं इम्युनोफिक्सेशन टाळूच नका.

क्रिएटिनिन कशाला लावायचं ते आता. एक माणूस रोज साधारण ठरावीक क्रिएटिनिन लघवीतून टाकतो, पुरुषाचं किलोमागे २० ते २५ मिलिग्रॅम, बाईचं १५ ते २०, वय झालेल्या आणि अंग सुकलेल्या माणसाचं याहून कमी. ६० किलोच्या तरण्या गड्याचं १२०० च्या आसपास यायला हवं आणि आलं ६००, तर अर्धी लघवी कॅनमध्ये आलीच नाही असा संशय घ्यायचा आणि टेस्ट परत करायची. मागचे दोन-तीन रिपोर्ट शेजारी ठेवा, त्याच पेशंटचं क्रिएटिनिन दर वेळी जवळपास सारखं असलं की कलेक्शन नीट झालंय समजा.

रक्ताची टेस्ट असताना लघवी कशाला, हा प्रश्न

फ्री लाइट चेन नावाची रक्ताची टेस्ट असते, खूप चांगली आहे, महाग आहे. किडनी बऱ्याच लाइट चेन परत शोषून घेते, त्यामुळे लघवी साफ असतानाही रक्तात त्या वाढलेल्या दिसू शकतात. म्हणून पहिल्या चाळणीला रक्ताचं इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन पुष्कळ ठिकाणी पुरतं. पण मायलोमा ठरला की सुरुवातीला एकदा २४ तासांची लघवी लागतेच, किडनीतून किती जातंय ते रक्त सांगत नाही. डॉक्टरने दोन्ही लिहिल्या असतील तर एक गाळू नका. अगदीच अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल, लघवीवर ताबा नसेल, तर डॉक्टरला तसं सांगा, ते सकाळच्या एका सॅम्पलवर प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो बघू शकतात, फॉलोअपला मात्र तो २४ तासांची बरोबरी करत नाही. आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा.

गोळ्या आणि पाणी

लघवीत लाइट चेन जात असेल तर डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शनं किडनीवर फार भारी पडतात. मेडिकलवाल्याला, गावातल्या डॉक्टरला, दर वेळी आधी सांगा की मायलोमा आहे. दुखण्यावर काय घ्यायचं ते आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरकडून लिहून आणा. सीटी स्कॅनला डाय द्यायची असेल तर तिथेही सांगा. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी गेलं, की अशा किडनीला एक-दोन दिवसही पुरतात बिघडायला, घरी मीठ-साखर पाणी देत बसू नका, दवाखान्यात न्या. हृदयाचा किंवा सुजेचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं ते मात्र डॉक्टरच ठरवतील.

रिपोर्टला मुंबईहून यायला वेळ लागतो. तेवढ्यात लघवी एकदम कमी झाली, पेशंट गुंगीत गेला किंवा बरळायला लागला, बद्धकोष्ठ आणि तहान खूप वाढली, पायातलं बळ गेलं किंवा पाय बधिर झाले, लघवी-संडास अडली, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा आणि जुनी फाइल सोबत न्या.